विमलबाईंच्या टेबलावरची फळं

टरबूज वाजवून घेण्याची सवय माझी नव्हती. ती विमलबाईंची. गेल्या आठवड्यात अमरावतीच्या बाजारात एका गाड्यापुढे उभी होते आणि माझी दोन बोटं आपोआप एका टरबुजावर टकटक करू लागली. गाडीवाला म्हणाला, "बाई, समजते का काही, का उगीच ठोकून राहिल्या?"

मला काही समजत नव्हतं. विमलबाईंना समजत असे. त्या या हिवाळ्यात गेल्या. टरबूज न घेताच घरी आले, आणि बऱ्याच दिवसांपासून मनात घोळत असलेलं हे लिहायला बसले.

डॉ. विमल खारोडे मूळच्या अमरावतीच्या. लहानपणी लग्न झालं आणि सासरी नांदायला जाण्याआधीच वैधव्य आलं. वडील शाळामास्तर होते. त्यांनी लोकांचं न ऐकता मुलीला शिकवलं, नागपूरला पाठवलं, डॉक्टर केलं. पुढे अकोल्यात विमलबाईंनी बायकांचा दवाखाना काढला. मी अकोल्याच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते आणि त्यांच्या दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होते. मधे एक सामाईक अंगण होतं. पन्नास सालानंतरची दहाएक वर्षं मी त्यांना त्या अंगणातून पाहिलं.

अंगाने त्या बारीक, आवाजाने भरदार. बारीक काठाचं लुगडं, कपाळ मोकळं. बोटं मात्र कधी स्वस्थ नसत. टेबल, भिंत, पाण्याचा माठ, एसटीच्या सीटचा दांडा, जे समोर येईल त्यावर डावा हात पसरायचा आणि उजव्या हाताच्या बोटाने ठोकायचं. आत पोकळ आहे की भरलेलं, हे त्यांना ऐकायचं असे. एकदा माझ्या खोलीची भिंत ठोकून त्या म्हणाल्या, "इथे वाळवी लागली आहे." कोपऱ्यातलं पुस्तकांचं कपाट सरकवलं. लागली होती.

तपासायच्या खोलीत एकच खुर्ची होती आणि ती पेशंटची होती. बाई स्वतः स्टुलावर बसत. बरोबर आलेली सासू, नवरा, दीर, सगळे उभे. एखादा नवरा सवयीने खुर्चीवर बसायला गेला की विमलबाई विचारत, "तुमचं पोट दुखते का?"

"नाही जी."

"मग उठा. जिचं दुखते तिले बसू द्या."

टेबलावर एक पितळी ताट असे आणि त्यात फळं. द्राक्षं, संत्रं, हंगाम असेल तर सीताफळ, उन्हाळ्यात एखादं टरबूज. नवीन आलेल्या बायकांना वाटे, बाईंना कोणी भेट दिली असेल. खरं म्हणजे ती शिकवण्याची फळं होती. बायकांच्या अंडाशयात पाण्याच्या गाठी होतात, त्यांचे कितीतरी प्रकार, आणि त्या प्रत्येकीला ऑपरेशन लागत नाही, हे समजावून सांगायला बाईंनी काढलेली ही युक्ती. कंपाउंडर गणपतरावांना भूक आवरत नसे. मग खोलीतून आवाज येई, "गणपतराव, या बाईचा रोग तुम्ही खाल्ला! बाजारातून दुसरा आणा."

गाठ हा शब्द त्या वापरत नसत. गाठ म्हटलं की बाई लगेच मरणाच्या गोष्टी करते, असं त्यांचं म्हणणं. एका संध्याकाळी अंगणात येऊन मला म्हणाल्या, "मास्तरीणबाई, एवढी पुस्तकं आहेत तुमच्याकडे, एक शब्द द्या पाहू." मी कोश उघडला आणि एक लांबलचक संस्कृत शब्द दिला. त्यांनी तो दोनदा उच्चारून पाहिला. "हा ऐकून तर धडधाकट बाईचंही पोट फुगेल," म्हणाल्या आणि हसत आत गेल्या. शेवटी त्यांनी 'थैली' हा बायकांच्या तोंडचाच शब्द उचलला.

मग एखादीपुढे द्राक्ष धरून सांगत, "दर महिन्याले तुझ्या पोटात बीज तयार होते. त्याच्या भोवती अशी पाण्याची थैली येते. वेळ झाली की फुटते. कधी फुटत नाही, वाढते. बहुतेक वेळा आपल्या आपण जिरून जाते. दोन पाळ्या जाऊ दे, मग ये. चिरफाड नाही." एखादीची पाळी महिनोन्‌महिने यायची नाही, हनुवटीवर केस यायचे, मूल होत नसे. तिच्यासाठी सीताफळ. "हे डोळे पाह्य. अशा बारीक बारीक थैल्या, लई झाल्या की बीज बाहेर पडत नाही." जिला पाळीत लोळायला लावणारं दुखणं असे, तिला काकवीची बाटली दाखवत. पाळीचं रक्त जिथे नको तिथे साठतं, जुनं होतं, असंच काळं घट्ट होतं. आणि संत्रं सोलून त्यातल्या फोडी दाखवल्या की ओळखावं, ही थैली कप्प्याकप्प्यांची आहे, वाढत राहणारी आहे, काढावी लागणार.

एका प्रकाराला मात्र फळ नव्हतं. मूर्तिजापूरकडच्या एका बाईच्या पोटातून निघालेल्या थैलीत केसांचा गुंता होता आणि एक दात. दवाखान्यातली आया ओरडत अंगणात आली, "करणी हो बाई, करणी!" दुपारपर्यंत ती गोष्ट गल्लीभर झाली. विमलबाईंनी आयेला बोलावलं, त्या पेशंटच्या खाटेजवळ उभं केलं आणि दोघींना एकदमच सांगितलं, "आईच्या पोटात आपण घडतो तेव्हा कातडी, केस, दात यांचा माल असतो. त्यातला थोडा चुकून भलत्या जागी राहून जातो आणि नंतर वाढतो. कोणी काही केलं नाही. तुझ्या जन्माच्या आधीची चूक आहे, अन् ती तुझीही नाही."

"मंग कोणाची?" आयेने विचारलं.

"माहीत नाही."

हे 'माहीत नाही' त्या अगदी सहज म्हणत. इतर डॉक्टर ते म्हणताना मी ऐकलेले नाहीत. जेवताना त्यांच्या पुढ्यात परदेशातून आलेलं एखादं वैद्यकाचं मासिक असे, पानं सुरीने कापत आणि भाकरी मोडत त्या वाचत. एवढं वाचूनही पुष्कळ थैल्या का होतात हे कोणालाच कळलेलं नाही, असं त्या सांगत. "पण काय केल्याने होत नाही, ते मले पक्कं माहीत आहे," असं पुढे जोडत. "नजरेनं होत नाही, पापानं होत नाही, नवस फेडायचा राहिला म्हणून होत नाही."

त्यांच्या कामाची एक रीत होती आणि तिच्यापायी त्यांनी पुष्कळ लोक दुखावले. निदान त्या फक्त पेशंट बाईला सांगत. नवऱ्याला नाही, सासूला नाही. बाईने ते समजून घ्यायचं, स्वतःच्या शब्दांत बाईंना परत सांगायचं, आणि जमलं की घरच्यांना आत बोलावून तिनेच सांगायचं. विमलबाई तेव्हा स्टुलावर गप्प बसून राहत. असं का, हे मी एकदाच विचारलं. सुरुवातीच्या काळात त्यांनी एका बाईच्या नवऱ्याला सांगितलं होतं की हिच्या पोटातली थैली काढली पाहिजे, देठावर पीळ पडला तर जीव जाईल. नवऱ्याने मान हलवली, आणि कापसाची वेचणी होऊ द्यावी म्हणून घरी काही सांगितलंच नाही. वेचायला माणूस कमी पडलं असतं. पीळ वेचणीतच पडला. तिला बैलगाडीतून आणलं तेव्हा उशीर झाला होता. "ती मले विचारत होती, बाई, हे एकाएकी काय झालं?" एवढं सांगून विमलबाई माठावर बोटं वाजवत बसल्या. तो विषय पुन्हा निघाला नाही.

अकोटच्या सखूबाईंच्या घरचं बोलावणं आलं ते त्या वेचणीनंतर बऱ्याच वर्षांनी. सखूबाईंच्या मुलीचं अडलेलं बाळंतपण विमलबाईंनी केलं होतं, त्यामुळे त्या घरात यांचा शब्द चाले. सखूबाईंचा मुलगा दिगंबर तिथल्या जिनिंगमध्ये कारकून होता. त्याची बायको यमुना तेल्हाऱ्याची. लग्नाला सात-आठ वर्षं झाली तरी मूल नव्हतं. सखूबाईंचा भाऊ आपल्या ओळखीतली दुसरी मुलगी दाखवून थकला होता. कायद्याने आता दोन बायका करता येत नाहीत, असं कोणी म्हटलं तर तो म्हणे, "करता नाही येत, पन पहिलीले माहेरी तं ठेवता येते." आणि आता यमुनाला दिवस होते. सातव्या महिन्याची ओटी भरायची होती. दृष्ट लागेल म्हणून सखूबाईंनी सुनेला तोवर कोणालाच दाखवलं नव्हतं, डॉक्टरलाही नाही. बोलावणं जेवायचं होतं. विमलबाई मला बरोबर घेऊन एसटीने निघाल्या.

घरभर बायका होत्या. यमुना हिरवं लुगडं नेसून, फुलांच्या वाड्या लेवून पाटावर बसली होती. पोट चांगलंच दिसत होतं, गळ्याची हाडं मात्र वर आली होती. विमलबाई तिच्याजवळ बसल्या.

"लेकरू हालते का वं?"

यमुनाने आधी सासूकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो."

विमलबाईंनी आणखी काही विचारलं नाही. ओटी भरायची वेळ आली तशी त्या नेहमीप्रमाणे आपणहून उठल्या आणि ओसरीवर जाऊन बसल्या. त्यांना कोणी ऊठ म्हणत नसे, तशी वेळच त्या येऊ देत नसत. आत नारळ, खण, तांदूळ पडत होते, गाणी चालली होती. बाहेर त्या खांबावर बोटं वाजवत होत्या. निघताना सखूबाईंना एवढंच म्हणाल्या, "पहिली वेळ आहे, सखूबाई. उद्या अकोल्याले घेऊन या. एकदा पाहून घेते."

परतीच्या एसटीत त्यांची बोटं सीटच्या दांड्यावर सारखी वाजत होती.

दुसऱ्या दिवशी अकोल्याला तपासायच्या खोलीत जे झालं ते मला यमुनाने नंतर स्वतः सांगितलं. लिहू का म्हणून विचारलं तेव्हा म्हणाली, "लिहा ना. नाव बी लिहा."

बाईंनी तिला निजवलं, हात पसरला, ठोकलं. पोटाच्या मध्यावर भरल्या मडक्यासारखा बद्द आवाज, दोन्ही कडांना रिकाम्यासारखा. कुशीवर वळवलं तरी आवाज जागा बदलेना, म्हणजे पोटात सुटं पाणीही नव्हतं. बाळाचे ठोके शोधले. नव्हते. मग त्यांनी तिला उठवून खुर्चीवर बसवलं.

"पाळी येते का तुले?"

यमुना रडायला लागली. सुरुवातीचे दोन महिने चुकले होते. सासूने आनंदाने गल्लीत साखर वाटली. तिसऱ्या महिन्यात थोडं लागलं, चौथ्यात पुन्हा. पण पोट तर वाढत होतं. बाहेर बसावं तर सगळ्यांना कळणार. ती बाहेर बसली नाही. तशीच चुलीशी गेली, तशीच देवघरात दिवा लावला. आणि आता तिला खात्री होती की याच पापाने पोटातलं लेकरू दगड होऊन बसलं आहे.

"दगड नाही," विमलबाई म्हणाल्या. "लेकरूही नाही." त्यांनी संत्रं सोललं. फोडी मोकळ्या करून दाखवल्या. ही थैली तुझ्या एका अंडाशयातून वाढली आहे. काढली नाही तर वाढत जाईल, दाबेल, फुटेल किंवा पिळेल. काढली तर तू वाचशील. दुसरं अंडाशय चांगलं असलं तर मी ते ठेवीन.

"मंग लेकरू होईन?"

"माहीत नाही. होऊ शकते. वचन देत नाही."

"अन् हे काहून झालं? मी देवघरात गेली म्हणून?"

"थैली आधी झाली, तू देवघरात नंतर गेली. हिशेब तुलेही येते, कर."

यमुना म्हणते, ते एक वाक्य तिला उचलून उभं करणारं होतं. पण पुढचं कठीण होतं. आता सासूला तिनेच सांगायचं होतं. तिने बाईंचे पाय धरले. "तुमीच सांगा जी. मी सांगितलं तं मले आजच तेल्हाऱ्याले पोचवतीन."

"मी सांगितलं तर तुझं पोट माझं अन् त्यांचं होईल. तुझं राहणार नाही. सांग पाहू मले एकदा."

तिने सांगून पाहिलं. अडखळली. बाईंनी पुन्हा सांगायला लावलं. संत्र्याच्या फोडी तिच्या हातात दिल्या. बाहेर दिगंबर दाराला कान लावून उभा होता. त्याला गणपतरावांनी हाताला धरून पायरीवर नेऊन बसवलं, ते मी अंगणातून पाहिलं.

मग सखूबाईंना आत बोलावलं. यमुना खुर्चीवर, सासू उभी. असं त्या घरात कधी झालं नव्हतं. यमुनाने फोडी पुढे धरून सगळं सांगितलं. सखूबाईंनी त्यातली एक फोड हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली.

"म्हंजे लेकरू नाई."

"नाई, आत्याबाई."

"तुले पाळी येत होती?"

"येत होती."

"अन् तू देवघरात जात होती."

"जात होती."

स्टुलावर बसलेल्या विमलबाईंची बोटंसुद्धा थांबली होती, असं यमुना सांगते.

सखूबाई म्हणाल्या, "देवाचं मी पाहीन. तू आधी आपरेशन करून घे." आणि विमलबाईंकडे वळून, "वाचंन ना वं बाई ही?"

ऑपरेशन विमलबाईंनीच केलं. थैली न फुटता अख्खी निघाली. आत कप्पे आणि कप्प्यांत चिकट, घट्ट पाणी. दुसरं अंडाशय चांगलं होतं, ते ठेवलं. यमुना शुद्धीवर आल्यावर त्यांनी तिला ती थैली दाखवली. तिने मान वळवली नाही, नीट पाहिली.

सखूबाईंचं मन मोठं होतं, पण त्या त्यांच्या काळाच्या होत्या. ओटीत पडलेला नारळ, खण, तांदूळ त्यांनी नदीत सोडून दिले. जे लेकरू नव्हतंच त्याच्या नावाने भरलेलं घरात ठेवू नये, असं त्यांना वाटलं. हे यमुनाला कळलं आणि बरी होत आलेली ती पोर जेवेना. "माझी ओटी पान्यात टाकली," एवढंच म्हणे.

घरी जायच्या दिवशी विमलबाई हातात सुपली घेऊन तिच्या खाटेपाशी आल्या. सुपलीत तांदूळ, खण आणि नारळ. खोलीत सखूबाई होत्या, मी होते, दोन-तीन पेशंट बायका होत्या. विमलबाईंनी नारळ उचलला, दोन बोटांनी वाजवून पाहिला, आणि म्हणाल्या, "पदर पसर."

विधवेने ओटी भरायची नसते हे त्या खोलीत कोणाला सांगावं लागत नव्हतं. यमुनाने सासूकडे पाहिलं नाही. पदर पसरला.

"ही लेकराची नाही," विमलबाई म्हणाल्या. "ही तुझी. तू जगून घरी चालली म्हणून."

सखूबाईंनी तोंडाला पदर लावला. थोड्या वेळाने पुढे होऊन सुनेच्या पदराचं टोक नीट खोचून दिलं, तांदूळ सांडू नयेत म्हणून.

तेव्हापासून ती दवाखान्याची रीत झाली. ऑपरेशन होऊन जाणारी बाई कुठलीही असो, तिच्या पदरात नारळ पडल्याशिवाय ती पायरी उतरत नसे. काही घरांतून लोक नाराज झाले, एक-दोघींनी तो नारळ वाटेत टाकलाही असेल. विमलबाईंनी त्याची चौकशी केली नाही. त्या हट्टी होत्या, लोकांना टाकून बोलत, आणि एखादी चूक त्यांना दाखवून द्यायची तर माझा सगळा दिवस धीर गोळा करण्यात जाई. पण त्यांचा हट्ट स्वतःसाठी असल्याचं मला आठवत नाही.

यमुनाला मूल झालं नाही. लोक विचारतात म्हणून लिहिते. ती नांदली. सखूबाईंच्या भावाने पुन्हा एकदा मुलगी सुचवली तेव्हा सखूबाईंनी त्याला जेवणाच्या ताटावरून उठवलं, असं मी ऐकलं. पुढे गल्लीतल्या कोणा बाईचं पोट दुखलं, पाळी बिघडली, की यमुना तिला धरून अकोल्याला आणू लागली. एसटीतच अर्धं समजावून झालेलं असे.

साठ सालानंतर माझी बदली अमरावतीला झाली. काही वर्षांनी विमलबाईही हृदयाच्या दुखण्याने दवाखाना बंद करून इथे भाच्याकडे आल्या. मी रोज संध्याकाळी जाऊन काहीतरी वाचून दाखवत असे. त्यांनी आपल्या दुखण्याबद्दल भाच्याला डॉक्टरशी बोलू दिलं नाही. स्वतः विचारून घेतलं आणि मग आम्हा सगळ्यांना बसवून स्वतःच सांगितलं. शेवटी भाच्याची बायको म्हणाली, "आत्या, किती दिवस?" त्या म्हणाल्या, "माहीत नाही."

या हिवाळ्यात, त्या जाण्याच्या थोडं आधी, यमुना अकोटहून आली. केस पिकू लागले होते, दंड भरले होते. विमलबाई खिडकीपाशी खाटेवर उशीला टेकून होत्या. यमुना जवळ बसली, घरचं सांगितलं, सखूबाई गेल्याचं सांगितलं. मग पिशवीतून तिने एक खण काढला, तांदूळ काढले, नारळ काढला.

विमलबाईंच्या लक्षात आलं. "अवं, हे काय करून राहिली?"

"पदर पसरा, बाई."

"मले कोण भरते ओटी? वेडी झाली का?"

"तुमी मले विचारलं होतं का?" यमुना म्हणाली. "पसरा."

लहानपणी झालेल्या त्या लग्नानंतर कोणी त्यांची ओटी भरली नव्हती. त्या घरातही कोणाच्या मनात ते आलं नसतं, माझ्याही आलं नव्हतं. विमलबाईंचा हात हळूहळू पदराकडे गेला. त्यांनी तो पसरला, यमुनाने एका हाताने त्याचं टोक धरलं आणि दुसऱ्या हाताने ओंजळ रिकामी केली. तांदूळ, खण, वर नारळ.

मी निघाले तेव्हा दारातून एकदा वळून पाहिलं. पदरातली ओटी तशीच मांडीवर होती. विमलबाईंनी नारळ उचलून कानाशी नेला होता आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी त्या तो वाजवत होत्या.

"भरलेला आहे," त्या यमुनाला म्हणाल्या.